संख्या, भार आणि शिल्लक शक्ती : स्नायुवर्धक व्यायामाच्या मापाचा विचार

‘व्यायाम किती करता?’ या प्रश्नाला मराठीत दोन तऱ्हांची उत्तरे मिळतात. तालमीत वाढलेला मनुष्य संख्या सांगतो : दोनशे जोर, पाचशे बैठका. आजच्या व्यायामशाळेत जाणारा तरुण वजन सांगतो : छातीला साठ किलो, पायांना ऐंशी किलो. प्रश्नातील ‘किती’ हा शब्द एकच. परंतु पहिल्याचे माप गणनेचे आहे आणि दुसऱ्याचे तोलाचे. स्नायूंची वाढ व्हावी एवढ्यासाठी जो व्यायाम करावयाचा, त्यास या दोहोंपैकी कोणते माप लागू पडते, किंबहुना दोहोंपैकी एखादे तरी पुरेसे आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ मल्लांच्या उपयोगाचा आहे असे कोणी समजू नये. ज्यांचा दिवस खुर्चीत जातो आणि ज्यांच्या मांड्यांचे मांस वयाच्या चाळिशीनंतर हळूहळू ओसरू लागते, त्या वाचकवर्गाशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

आरंभी शब्दांकडे पाहिले पाहिजे, कारण मापाची कल्पना शब्दांतच दडलेली असते. ‘जोर’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ बळ. मराठीत तो व्यायामप्रकाराचे नाव झाला आणि त्याबरोबरच मोजता येणारा झाला. ‘त्याच्या अंगात जोर आहे’ या वाक्यातील जोर मोजता येत नाही; ‘त्याने शंभर जोर काढले’ या वाक्यातील जोर मोजता येतो. बळासारखी अमूर्त वस्तू एक, दोन, तीन करून गणावयाची सोय भाषेने अशी करून दिली. ‘तालीम’ हा अरबी शब्द शिकवणुकीचा. तो एकीकडे आखाड्याकडे गेला आणि दुसरीकडे नाटकमंडळ्यांकडे. दोन्ही ठिकाणी त्यात पुनरावृत्तीचा अर्थ मुरला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शरीरातील ज्या भागाची वाढ इष्ट आहे त्याच्या नावाबाबत मात्र मराठीत थोडा गोंधळ आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात स्नायू नऊशे आणि पेशी पाचशे सांगितल्या आहेत. तेथे ‘स्नायू’ म्हणजे बांधून ठेवणारे तंतुमय बंध, आणि ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा. आधुनिक मराठीने ‘स्नायू’ हा शब्द मांसाच्या गोळ्यास दिला आणि ‘पेशी’ हा शब्द सजीवाच्या सूक्ष्मतम घटकास दिला. ‘मांसपेशी वाढल्या’ असे कोणी म्हटले, तर घटकांची संख्या वाढली की मांसाचा गोळा फुगला, हे त्यावरून कळत नाही. बोलीभाषेने हा प्रश्न अधिक चांगला सोडविला आहे. दंड आवळला असता त्वचेखाली जो उंचवटा सरकतो त्यास मराठी माणूस ‘बेडकी’ म्हणतो. युरोपीय भाषांतील स्नायुवाचक शब्द लॅटिनमधील ‘छोटा उंदीर’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. कातडीखाली दबा धरून बसलेला लहानसा प्राणी हीच कल्पना दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली. रोमन मनुष्यास तो उंदीर वाटला, मराठी मनुष्यास बेडूक. या लेखात ‘स्नायू’ हा शब्द आजच्या रूढ अर्थानेच वापरला आहे. व्यायामशाळेतील ‘रेप’ या शब्दाऐवजी ‘आवृत्ती’ हा शब्द योजिला असून, न थांबता केलेल्या आवृत्त्यांच्या समूहास तेथला ‘सेट’ हाच शब्द ठेवला आहे.

स्नायू हा हजारो लांबट तंतूंचा जुडगा असतो. व्यायामाने त्याचा घेर वाढतो तो मुख्यतः हे तंतू जाड झाल्यामुळे. त्यांची संख्या वाढल्यामुळे नव्हे. प्रत्येक तंतूच्या आत आकुंचन पावणारी प्रथिने असतात. तंतूवर पुरेसा ताण पडला म्हणजे त्याच्यातील प्रथिननिर्मितीचा वेग पुढील एकदोन दिवस वाढलेला राहतो आणि पुरेसे अन्न व विश्रांती मिळाल्यास तंतूत नवी भर पडते. ताण हे या वाढीचे प्रमुख कारण होय. घाम, धाप, दुसऱ्या दिवशीचे अंग दुखणे ही ताणाची सोबतीण मंडळी आहेत, कारणे नव्हेत. अंग दुखले नाही म्हणून व्यायाम वाया गेला, अशी जी समजूत नवख्यांत आढळते ती निराधार आहे.

परंतु ताण पडावयाचा तो प्रत्येक तंतूवर, आणि येथेच खरी मेख आहे. स्नायूतील तंतू एकदम कामास लागत नाहीत. मज्जारज्जूतून निघणारी एक चेतापेशी तंतूंच्या एका गटास चालना देते. एल्वुड हेनेमन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये आणि पुढे १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दाखविले की, लहान चेतापेशी आधी जागृत होतात आणि गरज वाढेल तसतशा मोठ्या चेतापेशी कामास लागतात. मोठ्या चेतापेशींच्या ताब्यात जे तंतू असतात ते संख्येने अधिक, जोरकस, लवकर थकणारे आणि वाढीस विशेष अनुकूल असतात. पाण्याचा तांब्या उचलताना त्यांस कोणी हाक मारीत नाही. त्यांस कामास लावण्याचे दोन मार्ग आहेत. ओझे आरंभापासूनच जड असावे, हा एक. किंवा ओझे हलके असूनही ते इतक्या वेळा उचलावे की आधी लागलेले तंतू थकून जावेत आणि त्यांच्या जागी राखीव तंतूंस यावे लागावे, हा दुसरा. पहिला मार्ग भाराचा आहे, दुसरा संख्येचा. दोन्ही एकाच ठिकाणी पोचतात, मात्र अट अशी की थकवा खरोखर यावयास हवा.

तालमीने संख्येचा मार्ग का धरला, याचे एक कारण साधनांत सापडते. मुद्गलांच्या जोडीचे वजन लाकूड तासतानाच ठरून जाते. देवळापुढचा उचलावयाचा धोंडा एक तर उचलतो, नाही तर उचलत नाही. त्यात अदपाव वाढविण्याची सोय नसते. जोर व बैठका यांत तर ओझे म्हणजे स्वतःचे शरीर. जेथे भार थोडाथोडा वाढविता येत नाही, तेथे प्रगती दाखविण्यास आकडाच उरतो. क्रोटन येथील मिलो या ग्रीक मल्लाने वासरू रोज उचलीत उचलीत अखेर बैल उचलला, ही कथा क्रमवर्धी भाराचे पहिले उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. तिच्यातील अडचण अशी की, वासरू स्वतःच्या मर्जीने वाढते. उचलणाऱ्याची ताकद त्या मानाने वाढली की नाही याची ते वाट पाहत नाही.

भाराचा मार्ग पाश्चात्त्यांचा आणि संख्येचा आपला, अशी सोपी वाटणी मात्र करता येत नाही. १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात दौरा केलेल्या युजेन सँडो याची १८९७ च्या पुस्तकातील पद्धत पाहिली तर हलकी डंबेले आणि दिवसागणिक वाढत जाणाऱ्या आवृत्त्यांची कोष्टके, असेच तिचे स्वरूप होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी काही वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला आणि नंतर सूर्यनमस्कारांचा अंगीकार करून त्यांचा प्रसार केला. या बदलाकडे परदेशी व्यायाम टाकून देशी व्यायाम स्वीकारला असे पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. मापाच्या दृष्टीने मात्र येथे बदल झालाच नाही. संख्येचे माप होते ते संख्येचेच राहिले.

भाराच्या मापास शास्त्रीय रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, आणि तेही मल्लांच्या आखाड्यात नव्हे तर रुग्णालयात. शिकागो येथील गार्डिनर लष्करी रुग्णालयात टॉमस डेलॉर्म हे तरुण डॉक्टर गुडघ्यास दुखापत झालेल्या सैनिकांवर उपचार करीत होते. बराच काळ प्लास्टरमध्ये राहून मांडीचे स्नायू झडून गेलेले असत. अशा रुग्णांस हलक्या विरोधाचे व पुष्कळ आवृत्त्यांचे व्यायाम देण्याची तेव्हा रीत होती. डेलॉर्म यांना स्वतःला वजने उचलण्याचा नाद होता. त्यांनी पायात लोखंडी जोडा अडकवून त्यास वजने लावण्याची व्यवस्था केली आणि थोड्या आवृत्त्या, परंतु जड भार, असा क्रम रुग्णांस दिला. १९४५ मध्ये त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधात त्यांनी आरंभीच्या सात ते दहा सेटांची संख्या तीनवर आणली आणि पद्धतीस ‘क्रमवर्धी विरोधाचा व्यायाम’ असे नाव दिले.

डेलॉर्म यांचे खरे कर्तृत्व लोखंडी जोड्यात नाही, ते एका परिभाषिक शब्दात आहे. जे वजन योग्य रीतीने बरोबर दहा वेळा उचलता येते आणि अकराव्या वेळी उचलत नाही, त्या वजनास त्यांनी एक नाव दिले. मराठीत त्यास ‘दशावृत्तिभार’ म्हणता येईल. पहिला सेट या भाराच्या निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण वजनाने आणि तिसरा पूर्ण वजनाने, प्रत्येकी दहा आवृत्त्या, अशी त्यांची योजना होती. आवृत्त्या दहाहून अधिक होऊ लागल्या की भार वाढवावयाचा. ऑक्सफर्ड येथे झिनोव्हिएफ यांनी १९५१ मध्ये हाच क्रम उलटा करून पाहिला : आधी पूर्ण भार, मग थकव्याच्या मानाने कमी कमी. क्रम कोणताही असो, ‘दशावृत्तिभार’ या कल्पनेत संख्या आणि भार ही दोन्ही मापे प्रथमच एका सूत्रात गोवली गेली. शिवाय हे माप सापेक्ष आहे. ते किलोत सांगितले जात असले तरी ठरते त्या त्या माणसाच्या मर्यादेवरून. जखमी सैनिकाचा दशावृत्तिभार तीन किलो असेल आणि मल्लाचा शंभर किलो. व्यायाम म्हणून दोघांचे कष्ट एकाच प्रतीचे.

डेलॉर्म यांनी आणखी एक सिद्धांत मांडला होता : जड भार व थोड्या आवृत्त्या यांनी बळ वाढते, हलका भार व पुष्कळ आवृत्त्या यांनी दम वाढतो, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. हा सिद्धांत पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जवळजवळ निर्विवाद मानला गेला. त्यास धक्का बसला तो अलीकडे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात अठरा निरोगी तरुणांवर दहा आठवडे केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघा सरळ करण्याचा एकच व्यायाम. काही पायांनी कमाल भाराच्या ८० टक्के वजन उचलले, काहींनी अवघे ३० टक्के. परंतु प्रत्येक सेट उचलणे अशक्य होईपर्यंत चालविला. तीन सेट करणाऱ्या दोन्ही गटांत मांडीच्या स्नायूची वाढ जवळपास सारखी भरली. एका वेळी उचलता येणाऱ्या कमाल वजनात मात्र जड भाराचा गट पुढे राहिला. त्याच विद्यापीठातून २०१६ मध्ये वजनांचा आधीपासून सराव असलेल्या ४९ पुरुषांवरील बारा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातही २० ते २५ आवृत्त्यांचा गट आणि ८ ते १२ आवृत्त्यांचा गट यांच्या स्नायुवाढीत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. ब्राझीलमधील २०१८ च्या एका प्रयोगाने याची खालची सीमा दाखवून दिली : कमाल भाराच्या २० टक्के एवढ्या हलक्या वजनाने वाढ झाली, परंतु ती ४०, ६० व ८० टक्क्यांच्या मानाने बरीच कमी पडली.

या तीन प्रयोगांच्या प्रकाशात तालमीच्या संख्येकडे पाहिले म्हणजे तिचे बळ व तिची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात. जोर काढताना हातांवर शरीराच्या वजनाचा ढोबळमानाने दोन-तृतीयांश भार येतो. देशी पद्धतीच्या जोरात शरीर मागून पुढे झेपावत असल्यामुळे तो क्षणोक्षणी बदलतो. ज्या नवशिक्याचे दहाव्या जोराला हात थरथरतात त्याच्यासाठी जोर हाच दशावृत्तिभार आहे, आणि छाती व दंड वाढविण्यास त्यास लोखंडाची काहीही गरज नाही. पंचवीस-तीस जोरांपर्यंतही हे विधान लागू पडते. परंतु जो मनुष्य दम न लागता एका दमात शंभर जोर काढतो, त्याच्या शक्तीच्या मानाने तो भार इतका हलका झालेला असतो की आणखी शंभरांची भर घातल्याने त्याचा दम वाढेल, चिकाटी वाढेल, मन घट्ट होईल. दंड मात्र होता तेवढाच राहील. आकडा वाढत असल्यामुळे प्रगती चालू आहे असे त्यास वाटत राहते. संख्येच्या मापाचा मोठा दोष तो हाच.

यावर कोणी असे विचारील की, मग जुन्या पहिलवानांची शरीरे लोखंडावाचून कशी कमावली गेली? उत्तर तालमीतच आहे. पहिलवान केवळ जोर-बैठका करीत नसे. तो हौद्यात दुसऱ्या पहिलवानास उचलीत असे, दाबीत असे, त्याच्या वजनाखालून निसटत असे. सत्तर-ऐंशी किलोचा, विरोध करणारा आणि रोज नवी युक्ती शोधणारा भार त्याच्यापाशी होताच. फक्त त्याची गणती कोणी ठेवीत नसे. खुराकाचाही वाटा त्यात होता. तेव्हा त्या शरीरांचे सगळे श्रेय जोरांच्या आकड्यास देणे बरोबर होणार नाही.

आयुर्वेदात या विषयी एक निराळेच माप सापडते, आणि त्याची दखल व्यायामाच्या चर्चेत क्वचितच घेतली जाते. सुश्रुत व वाग्भट या दोघांनीही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे, आणि अर्धी शक्ती संपल्याची खूण म्हणून तोंडाने श्वास सुरू होणे, कपाळ, नाक, काखा इत्यादी ठिकाणी घाम येणे अशी लक्षणे दिली आहेत. येथे संख्या नाही, वजनही नाही. माप आहे ते करणाऱ्याच्या उरलेल्या शक्तीचे. तो उपदेश आरोग्यासाठी आहे, स्नायू वाढविण्यासाठी नव्हे. स्नायुवाढीस अर्धी शक्ती पुरत नाही. तथापि मापाची दिशा तीच आहे जी आज सर्वांत विश्वसनीय मानली जाते. सेट थांबविताना आणखी किती आवृत्त्या करता आल्या असत्या, असा प्रश्न आज शिक्षक विचारतात. ही झाली ‘शिल्लक आवृत्ती’. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगांचे एकत्र विश्लेषण करणाऱ्या एका निबंधात असे दिसले की, शिल्लक जितकी कमी तितकी स्नायुवाढ अधिक. बळाच्या वाढीस मात्र शिल्लक कमीजास्त असल्याने फारसा फरक पडत नाही. याचा अर्थ प्रत्येक सेट हात गळून पडेपर्यंत न्यावा असा होत नाही. एक ते तीन आवृत्त्या शिल्लक ठेवून थांबल्यास बहुतेक लाभ पदरात पडतो आणि पुढचा सेट धडपणे करता येतो. अडचण एवढीच की नवशिक्यास शिल्लक ओळखता येत नाही. त्याला पाच वाटतात तेव्हा प्रत्यक्षात दहा असतात. म्हणून आरंभीच्या महिन्यांत अधूनमधून, धोका नसलेल्या एखाद्या व्यायामात, शेवटच्या आवृत्तीपर्यंत जाऊन मर्यादा पाहून येणे हितकर.

आता प्रत्यक्ष आखणीविषयी. एका स्नायुगटास आठवड्यात किती सेट द्यावेत, या प्रश्नावर २०१७ मध्ये पंधरा प्रयोगांचे एकत्र विश्लेषण झाले. पाचाहून कमी सेटांनी सरासरी ५.४ टक्के, पाच ते नऊ सेटांनी ६.६ टक्के, आणि दहा वा अधिक सेटांनी ९.८ टक्के वाढ त्यात आढळली. ज्यास वेळ कमी आहे त्याने पहिल्या आकड्याकडे नीट पाहावे : आठवड्यातून चारच सेट, म्हणजे विश्रांती धरून पंधरा मिनिटांहून फार अधिक नव्हे, तरीही निम्म्याहून अधिक लाभ. सेटांची एकूण संख्या तीच असेल तर ते दोन दिवसांत वाटावेत की तीन, याने फरक फार पडत नाही. एका दिवसात दहा सेट कोंबण्यापेक्षा दोन दिवसांत पाचपाच केलेले अधिक निगुतीने होतात एवढेच. सेटांमध्ये घाईने अर्ध्या मिनिटाची विश्रांती घेणे शौर्याचे वाटते, पण ते तोट्याचे आहे. २०१६ च्या एका तुलनेत तीन मिनिटे थांबणाऱ्यांची वाढ एक मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा अधिक झाली.

भार वाढविण्याचा नियम उदाहरणाने सांगणे सोपे. खांद्यावर बार घेऊन बैठका मारणाऱ्याने ४० किलोने आरंभ केला आणि त्यास आठ आवृत्त्यांनंतर दोनच शिल्लक राहिल्या असे समजू. त्याने वजन न बदलता पुढील दिवसांत आवृत्त्या नऊ, दहा अशा वाढवीत न्याव्यात. तिन्ही सेटांत बारा आवृत्त्या साधल्या की वजन ४२.५ किलो करावे. आवृत्त्या आपोआप आठ-नऊवर येतील, आणि चढण पुन्हा सुरू होईल. तालमीची संख्या आणि डेलॉर्मचा भार येथे आलटून पालटून काम करतात. वहीत तारीख, वजन, आवृत्त्या यांची नोंद ठेवणे अगत्याचे. स्मरणशक्ती या बाबतीत नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देते. वजन खाली आणताना ते सोडून देऊ नये, ताब्यात ठेवून आणावे, आणि सांध्याची हालचाल पूर्ण करावी. अर्धवट बैठकांनी आकडा मोठा दिसतो, हा तालमीइतकाच व्यायामशाळेतलाही जुना रोग आहे. व्यायामांची निवड साधी असावी : एक बैठकेचा, एक कमरेत वाकून उचलण्याचा, एक पुढे वा वर ढकलण्याचा, एक स्वतःकडे ओढण्याचा. एवढ्यात सर्व मोठे स्नायू येऊन जातात. रक्तदाब वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून जड भारास हात घालू नये, आणि श्वास कोंडून धरू नये.

पहिल्या महिन्यात बळ वाढते पण आरसा काहीच सांगत नाही, याचे अनेकांस वैषम्य वाटते. मोरितानी व डेव्हरीस यांनी १९७९ मध्ये याचा उलगडा केला : पहिल्या तीन ते पाच आठवड्यांतील बळाची वाढ मुख्यतः चेतासंस्थेच्या शिकण्यामुळे होते, स्नायूच्या आकारवाढीचा वाटा त्यानंतर मोठा होतो. शरीर आधी व्याकरण शिकते. शब्दसंग्रह मागाहून वाढतो.

खुराकाबद्दल थोडक्यात सांगावयाचे तर, ४९ प्रयोगांच्या २०१८ मधील विश्लेषणात शरीराच्या वजनाच्या दर किलोस रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत लाभ वाढत गेला, पुढे थांबला. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेची सर्वसाधारण प्रौढासाठीची शिफारस किलोस ०.८३ ग्रॅम आहे. साठ किलोच्या मनुष्यास पहिल्या हिशेबाने ९६ ग्रॅम, दुसऱ्याने ५० ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, हे ध्यानात घेता वरण-भात-भाजीच्या नेहमीच्या ताटाने वरचा आकडा गाठणे कठीण आहे. त्यासाठी दूध, दही, हरभरे, शेंगदाणे, सोयाबीन, अंडी वा मासे यांची जाणीवपूर्वक भर घालावी लागते. महागडी पूड अपरिहार्य नाही. सोयीची आहे एवढेच.

मापाच्या या चर्चेचा सर्वांत गंभीर भाग वृद्धांसंबंधीचा आहे. वाढत्या वयात होणाऱ्या स्नायूंच्या क्षयास अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ग्रीक धातूंवरून नाव दिले. त्याचा शब्दशः अर्थ ‘मांसाचे दारिद्र्य’. त्यास नाव मिळेपर्यंत तो रोग नव्हता, म्हातारपण होते. आजही साठी उलटलेल्या मनुष्यास व्यायाम सांगितला जातो तो संख्येचाच : रोज इतकी पावले, रोज बारा नमस्कार. हृदयास व सांध्यांस त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु वीस वर्षे तेच बारा नमस्कार घालणाऱ्याच्या मांडीतील मोठ्या चेतापेशींस वीस वर्षांत कोणी हाक मारलेली नसते, आणि जिन्याच्या कठड्यास धरण्याची पाळी येते ती तेथूनच.

मारिया फिआतारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा दुर्बल व्यक्तींवर केलेला प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ९० होते. त्यांस हलक्या हालचाली न देता, डेलॉर्मच्याच परंपरेतील गुडघ्याचा भारव्यायाम कमाल शक्तीच्या मोठ्या टक्केवारीने आठ आठवडे देण्यात आला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले आणि मांडीच्या स्नायूचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी. दोघांनी काठी टाकली. हातांचा आधार घेतल्यावाचून खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एक जण तसा उठू लागला. पुढे चार आठवडे व्यायाम बंद ठेवण्यात आला, तेव्हा त्यांचे कमाल बळ ३२ टक्क्यांनी उतरले.